सेवा करणाऱ्याला आजार शिवत नाही?

"घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला आजार शिवत नाही. रुग्णाच्या पथ्याने घरच्यांनाही शिस्त लागते, सेवा हाच व्यायाम होतो, आणि जो दमला म्हणतो त्याची माया कमी." सांगलीतल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. ज्यांच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय त्या बायकाही तो वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आजार शिवतो. अमेरिकेत शुल्झ आणि बीच या संशोधकांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराची सेवा करताना ज्या वृद्धांची ओढाताण होत होती, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. ज्यांची ओढाताण होत नव्हती त्यांचा तसा वाढला नव्हता. २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तर सेवा करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्के कमीच दिसलं. म्हणजे सेवेनं माणूस खचतोच असं नाही. सगळा भार एकटीवर आला की खचतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिस्त. आमच्या शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंना अर्धांगवायू झालाय. त्यांच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा खणांच्या डबीत, एकही चुकत नाही. वहिनींच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवर पडलेली, महिना उलटला तरी निम्मी शिल्लक. सासूबाईंना तपासायला मिरजेला नेतात, फाईल सांभाळतात, डॉक्टरांसमोर बसतात. बीपीचं मशीन टेबलावरच असतं, पण वहिनींच्या दंडाला ते कुणी लावत नाही. अळणी भाजी वेळेवर होते, आणि त्या स्वतः जेवतात चार वाजता, ओट्यापाशी उभ्याने. यात त्यांचा हलगर्जीपणा नाही. शुल्झ यांच्याच अभ्यासगटातल्या वृद्धांवर १९९७ साली लिहिलं गेलं होतं: जोडीदाराचं खूप करावं लागणाऱ्यांना विश्रांती पुरत नव्हती, व्यायामाला वेळ मिळत नव्हता, आणि स्वतःची औषधं ते विसरत होते.

सेवा हाच व्यायाम, हे तर ज्यानं कधी अंथरुणातलं माणूस कुशीवर वळवलेलं नाही तोच लिहू शकतो. त्यानं कंबर धरते. आमराईत अर्धा तास मोकळं चालण्याची उणीव त्यानं भरून निघत नाही.

आणि मायेचं वाक्य सगळ्यात वाईट, कारण त्याच्या धाकानं बायका मदत मागत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं गेले, पुरुषांचे ७६. यात मुलाबाळांचं करणंही आलं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्या भावांना आणि दिरांना माझी विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर पेशंटजवळ तुम्ही बसा. आणि मिरजेच्या पुढच्या फेरीत एक केसपेपर वहिनींच्या नावाचाही काढा.