खुलासा: भाड्याच्या फ्लॅटचा ‘सगळा तोटा पगारातून वजा’ होत नाही

‘फ्लॅट भाड्याने द्या, हप्ता, मेंटेनन्स, रंगकाम सगळं दाखवा आणि तोटा पगारातून वजा करा’ असा प्राप्तिकराबाबतचा संदेश फिरतो आहे. तो अर्धवट आणि म्हणूनच घातक आहे.

खरा हिशेब असा. भाडे दरमहा २५,००० म्हणजे वर्षाचे ३,००,०००. त्यातून मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो. थकवलेला किंवा भाडेकरूने भरलेला कर चालत नाही. समजा तो १२,०००, उरले २,८८,०००. यावर सरसकट ३० टक्के वजावट, ८६,४००. दुरुस्ती, रंगकाम, दलाली यातच आली. त्यांची पावती वेगळी दाखवता येत नाही. शिल्लक २,०१,६००.

आता कर्ज. हप्त्यातले फक्त व्याज भाड्यातून वजा होते, मुद्दल नाही. भाड्याच्या घराला व्याजाची मर्यादा नाही, हे खरे. व्याज ५,००,००० असेल तर तोटा २,९८,४००. जुन्या कररचनेत त्यातले २,००,०००च पगारातून वजा होतात. उरलेले ९८,४०० पुढची ८ वर्षे ओढता येतात, पण फक्त घराच्या उत्पन्नासमोर. नव्या कररचनेत पगारातून एक रुपयाही वजा होत नाही.

इथेच बहुतेकजण फसतात: नवी रचना आपोआप लागू होते. पगारदाराने जुनी निवडायची तर विवरणपत्र मुदतीतच भरायला हवे. उशीर झाला की तो पर्याय गेला. त्यामुळे बँकेचा व्याजाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा.