घोडा विसरू नका

यार्डरवरचा, म्हणजे तोडलेले ओंडके जंगलातून दोराने ओढून आणणाऱ्या यंत्रावरचा तुमचा लेख आवडला, पण त्याचा इतिहास मॅडिल कंपनीच्या पोलादी मनोऱ्यांपासून सुरू केलात, हे मात्र खटकलं. दोर लावून ओंडके ओढायची ही कला वाफेवर वाढली. कॅलिफोर्नियातल्या युरेकाच्या जॉन डॉल्बीअरने 1882 मध्ये आपल्या ‘स्टीम डाँकी’चं पेटंट घेतलं. एक उभा बॉयलर, एक सिलिंडर आणि दोर गुंडाळायचं फिरकं, बस्स. दोर ओंडका घेऊन यायचा, पण परत जंगलात न्यायचा कुणी? घोड्याने! पुढे दुसरा ड्रम आणि परतीचा दोर आला, तेव्हा कुठे त्या घोड्याची सुटका झाली.

युरेकाच्या फोर्ट हम्बोल्ट उद्यानात ही यंत्रं जपून ठेवली आहेत. मी बराच वेळ त्यांच्या खालचे जाडजूड लाकडी ओंडके बघत उभा होतो. ती यंत्राची घसरगाडी. जागा बदलायची वेळ आली की दोराचं टोक पुढच्या बुंध्याला बांधायचं आणि यंत्राने स्वतःलाच ओढत न्यायचं! सिएटलच्या वॉशिंग्टन आयर्न वर्क्सने आणि पोर्टलंडच्या विलामेटने पुढे याहून कितीतरी मोठी यंत्रं बांधली.

आणि शिट्टीवाला पोरगा? ओंडक्याला फास बसला की लांबलचक तार ओढून तो इंजिनाची शिट्टी वाजवायचा. इंजिनवाल्याला पलीकडचं काही दिसायचं नाही. एक इशारा चुकला तर माणूस जायचा. त्या पोरांवर तुम्ही स्वतंत्र लेख लिहावा, ही मनापासून विनंती.