१८९९ मध्ये फोर्डने सायकल कंपन्या ‘मारल्या’ म्हणे! तेव्हा फोर्ड कंपनी होती कुठे?

‘अमेरिकेने सायकलचा खून कसा केला’ या मथळ्याचा लांबलचक मेसेज बरेच दिवस व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला होता. पण आतेभावाची मुलगी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तोच मेसेज जवळजवळ शब्दशः बोलून आली, बक्षीसही मिळालं, आणि दादाने अभिमानाने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. पोरगी बोलली झकासच. तिच्या हातात ज्याने हा माल दिला, त्याच्यासाठी हे लिहितोय.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. सायकलचा शोध १८७७ मध्ये ‘कोलंबिया’ कंपनीचे मालक अल्बर्ट पोप यांनी लावला. १८९९ मध्ये फोर्ड आणि तेल कंपन्यांनी मिळून चाळीसहून जास्त सायकल कंपन्या विकत घेतल्या आणि कारखान्यांना कुलपं ठोकली, म्हणजे लोकांना मोटारी घ्याव्याच लागतील. राईट बंधूंचा कारखानाही त्यातच गेला, म्हणून ते विमानाकडे वळले. मग मोटारींसाठी पक्के रस्ते बांधले गेले. एकटी कोलंबिया वाचली आणि ती अजून पोप घराण्याकडेच आहे. शेवटी ‘जागे व्हा, शेअर करा’ वगैरे.

आधी त्या १८९९ च्या कटाचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली जून १९०३ मध्ये. जनरल मोटर्स १९०८ मध्ये. म्हणजे जन्माला यायच्या चार वर्षं आधी फोर्डने चाळीस कंपन्या गिळल्या! बरं, १९०३ मध्ये तरी फोर्डकडे रोख भांडवल किती जमलं होतं? अठ्ठावीस हजार डॉलर. आणि १८९९ च्या त्या सायकल व्यवहाराचं कागदोपत्री भांडवल होतं चार कोटी डॉलर. १९०० साली अख्ख्या अमेरिकेत नोंदलेल्या मोटारी होत्या आठ हजारांच्या आसपास, आणि सायकली वर्षाला दहा लाखांच्या वर बनत होत्या. कोण कोणाला विकत घेणार होतं? राहिली तेल कंपनी. स्टँडर्ड ऑइलचं पोट तेव्हा रॉकेलवर भरत होतं. पेट्रोल हे रॉकेल काढताना उरणारं दुय्यम उत्पादन होतं. त्यासाठी सायकल संपवायचा कट कोण कशाला करेल?

मग त्या चाळीस कंपन्या घेतल्या कोणी? तर सायकलवाल्यांनीच. त्या एकत्रित कंपनीचं नाव अमेरिकन बायसिकल कंपनी, नोंदणी न्यू जर्सीत, १८९९ सालची. पुढाकार अल्बर्ट स्पाल्डिंग यांचा. हे गृहस्थ मूळचे बेसबॉलचे नावाजलेले पिचर, नंतर खेळाच्या सामानाचे मोठे व्यापारी. सोबत कोलंबियावाले पोप, शिकागोच्या वेस्टर्न व्हील वर्क्सचे कोलमन, ‘क्लीव्हलँड’ सायकलवाले लोझियर. मेसेजमध्ये ज्यांना बळी ठरवलंय, तेच इथे खरेदीदार आहेत. भाव पडलेत, एकमेकांचे गळे कापण्यापेक्षा एक होऊ आणि भाव धरून ठेवू, असा साधा मक्तेदारीचा हिशेब होता. त्या काळात अमेरिकेत साखरेपासून पोलादापर्यंत सगळीकडे हेच चाललं होतं.

भाव का पडले, हे खरं म्हणजे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात रंजक आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. पोप यांची सायकल हार्टफर्डमध्ये, शिलाई मशिनच्या कारखान्यात बनायला लागली. वीड सुइंग मशीन कंपनीला १८७८ मध्ये त्यांनी पहिल्या पन्नास सायकलींचं काम दिलं, आणि १८९० मध्ये तो कारखानाच विकत घेतला. तिथली पद्धत बंदुका आणि शिलाई मशिनच्या कामातून आलेली: लालबुंद पोलाद साच्यात ठोकायचं आणि मग लेथवर तासून काढायचं. हबसारख्या, म्हणजे चाकाच्या मधल्या, भागात निम्म्याहून जास्त पोलाद बुरादा होऊन खाली पडायचं. शिकागोच्या वेस्टर्न व्हील वर्क्सने वेगळी वाट धरली. पोलादी पत्रा प्रेसखाली टप्प्याटप्प्याने दाबत न्यायचा, त्यातूनच हब काढायचं, पेडलचा आस ज्यात बसतो ते कवचही काढायचं, आणि सांधे विजेच्या वेल्डिंगने जोडायचे. हार्टफर्डचे लोक या मालाला नाकं मुरडायचे. पण १८९६ मध्ये वेस्टर्नने एका वर्षात सत्तर हजार सायकली काढल्या. पोप यांना १८९५ मध्ये कोलंबियाची किंमत शंभर डॉलरवर आणावी लागली, १८९७ मध्ये पंचाहत्तरवर. खालच्या वर्गातल्या सायकली याच्या निम्म्याहून कमी भावात मिळायला लागल्या. शौकिनांनी घेऊन झाल्या होत्या, श्रीमंतांची हौस ओसरली होती, गोदामं भरलेली होती.

आकडे हवेत ना? अमेरिकेच्या जनगणना खात्याने उद्योगांची गणना केली, तिच्यात आहेत. १९०० च्या अहवालात सायकलचे कारखाने ३१२ आणि मालाची किंमत सुमारे तीन कोटी एकोणीस लाख डॉलर. पाच वर्षांनंतरच्या गणनेत कारखाने १०१ आणि किंमत जेमतेम बावन्न लाखांच्या घरात. हे आकडे मी दादालाही पाठवलेत. घसरण भयंकर आहे, यात वादच नाही. फक्त त्या काळात मोटार ही डॉक्टर आणि धनिकांची चैन होती. ज्याने सायकल घेणं थांबवलं, तो मोटार घेत नव्हता. तो ट्रामने जात होता नाहीतर जुनीच सायकल दामटत होता.

नव्या एकत्रित कंपनीने कारखाने बंद केले, हे खरं आहे. बरेच केले. पण ते जास्तीचे आणि तोट्यातले होते म्हणून. तरीही ती स्वतः १९०२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि १९०३ मध्ये उरलंसुरलं घेऊन पोप यांनी पुन्हा जुन्या नावाने दुकान मांडलं. कट इतका यशस्वी झाला की कट करणारेच बुडाले!

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. १८९९ मध्ये एका मोटार कंपनीने सायकलवाल्यांकडून काहीतरी खरंच विकत घेतलं होतं. पोप यांनी १८९५ पासून हायरम पर्सी मॅक्सिम या इंजिनिअरला हाताशी धरून मोटार विभाग काढला होता, विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवत होते. तो विभाग न्यूयॉर्कच्या भांडवलदारांच्या इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीकडे गेला. पण बघा, विकला तो मोटारींचा विभाग. सायकली पोप यांच्याकडेच राहिल्या. याच इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीने जॉर्ज सेल्डन यांचं पेट्रोल मोटारीवरचं पेटंट हातात घेऊन पेट्रोल मोटार बनवणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे उकळायला सुरुवात केली, आणि १९०३ मध्ये कोणावर खटला भरला? फोर्डवर. तो १९११ मध्ये अपिलात सुटला. म्हणजे या गोष्टीत फोर्ड आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात.

दुसरं अर्धसत्य केनोशाचं. विस्कॉन्सिनमधल्या या गावातला एक सायकल कारखाना १९०० मध्ये एकत्रित कंपनीकडून विकत घेतला गेला आणि १९०२ पासून तिथे रॅम्बलर मोटारी बनू लागल्या. घेणारा कोण? थॉमस जेफरी. ‘रॅम्बलर’ याच नावाच्या सायकली आयुष्यभर बनवणारा, आणि आपला धंदा नुकताच त्याच कंपनीला विकून मोकळा झालेला माणूस. ती मोटार कंपनी पुढे १९१६ मध्ये चार्ल्स नॅश या मोटार उद्योजकाकडे गेली, तिच्यातून १९५४ मध्ये अमेरिकन मोटर्स झाली, आणि १९८७ मध्ये क्रायस्लरने तीही घेतली. बफेलोच्या पियर्सचंही असंच, आधी सायकली, मग पियर्स-ॲरो मोटारी.

आणि टोलेडो! लोझियर यांचा तिथला सायकल कारखाना एकत्रित कंपनीत आला, तिथे आधी वाफेच्या गाड्या बनल्या, मग पोप-टोलेडो मोटारी. १९०९ मध्ये तो जॉन विलीज यांनी घेतला, जे स्वतः एकेकाळचे सायकल विक्रेते. विलीजची जीप टोलेडोचीच, आणि तीच जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडायला घेतली. मेसेज लिहिणाऱ्याला मराठी वाचकांसाठी काही मसालेदार हवं होतं, तर हे होतं की हाताशी. पण त्यात कट नाही, कारखान्यांचे मालक बदलत जाण्याची गोष्ट आहे, मग ती कोण शेअर करणार!

बाकीचे मुद्दे पटापट उरकतो. पोप यांनी सायकल शोधली नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्यांनी इंग्रजी सायकली पाहिल्या, १८७७ मध्ये त्या आयात केल्या आणि मग तशाच बनवून घेतल्या. पेडलच्या सायकलचं अमेरिकन पेटंट २० नोव्हेंबर १८६६ चं, पियेर लालमाँ या फ्रेंच कारागिराचं. पोप यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि इतर कारखानदारांकडून सायकलमागे दहा डॉलरपर्यंत वसूल केले. शोधक नव्हे, वसुलीत पक्का माणूस.

रस्त्यांचा मुद्दा तर उलटाच आहे. पक्क्या रस्त्यांसाठी आधी ओरडले ते सायकलवाले. त्यांची लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन १८८० ची, आणि केंद्र सरकारचं रस्तेचौकशी कार्यालय १८९३ चं, तेही शेतकी खात्याखाली. राईट बंधूंचं डेटनचं दुकान छोटं, गावातल्या गिऱ्हाइकांचं. ते कोणी घेतलं नाही. त्यांच्या विमानाचं इंजिन त्याच दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने बनवलं.

कोलंबिया ‘त्याच घराण्याकडे’ असण्याचं काय? पोप १९०९ मध्ये वारले. त्याआधी १९०७ मध्ये आणि नंतर १९१३ मध्ये कंपनी कोर्टाच्या ताब्यात गेली. सायकलचं काम मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफिल्डला हललं, कंपनीचं नाव वेस्टफिल्ड मॅन्युफॅक्चरिंग झालं, आणि १९३३ मध्ये ती टॉरिंग्टन कंपनीची उपकंपनी झाली. पुढे ‘कोलंबिया’ हे नाव परत आलं, घराणं आलं नाही.

मोटार, तेल आणि टायर कंपन्यांच्या संगनमताचा एक खटला मात्र अमेरिकेत खरोखर झाला होता. १९४९ मध्ये जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया वगैरेंना त्यात दोषी ठरवलं गेलं. मेसेजवाल्याने बहुधा तोच कुठेतरी ऐकला आणि पन्नास वर्षं मागे नेऊन चिकटवला. तो खटला नॅशनल सिटी लाइन्स या शहरी वाहतूक कंपनीला बसगाड्या, टायर आणि इंधन पुरवण्याच्या मक्तेदारीचा होता. त्यात वाद बस आणि ट्रामचा होता, सायकलचा नव्हे.