मोठ्या माणसांभोवतीचं कोंडाळं

टेक इंडस्ट्रीच्या नेटवर्किंग कार्यक्रमात मोठा माणूस ओळखणं सोपं. ज्याच्या गळ्यात बॅज नाही, तो मोठा. आम्हा बाकीच्यांच्या गळ्यात बॅज असतो आणि तो हमखास उलटा फिरलेला असतो. त्यामुळे समोरचा माणूस नाव शोधायला आपल्या पोटाकडे वाकून बघतो आणि त्याला तिथे प्रायोजकाचा लोगो दिसतो. मग हसून नमस्कार होतो तो त्या लोगोला.

इथे यायचं कशाला, तर मोठ्यांकडून शिकायला. आयोजकांच्या हाताशी शास्त्राधारही असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं, म्हणून. पटण्यासारखं आहे. फक्त त्याने ज्यांना विचारलं, त्यांच्या बहुतेक ओळखी कामातून आपसूक झालेल्या होत्या. कुणी त्यांना हॉलमध्ये कोंडून 'हं, आता करा ओळखी' असं फर्मावलं नव्हतं.

मंचावर सगळे अपयशाबद्दल बोलतात. यशाबद्दल बोलायला सूत्रसंचालक असतो. मात्र अपयशावर बोलायचं तर आधी एखादी कंपनी चांगल्या भावात विकलेली असावी लागते. ज्यांची नुसतीच बुडाली ते मागच्या रांगेत बसतात आणि त्यांच्यापर्यंत माईक पोहोचतो तेव्हा वेळ संपलेली असते. परवा एकाच सत्रात दोन दाखले ऐकले. स्टुअर्ट बटरफील्ड यांनी 'ग्लिच' हा ऑनलाइन गेम २०१२ साली गुंडाळला आणि तो बनवताना टीमने आपसांत बोलायला केलेल्या साधनातून पुढे स्लॅक हे ऑफिसातल्या गप्पांचं ॲप उभं राहिलं. तात्पर्य, वेळेवर सोडा. जेम्स डायसन यांना त्यांचा व्हॅक्यूम क्लीनर जमला तो ५,१२७व्या नमुन्याला. तात्पर्य, सोडू नका. दोन्ही तात्पर्यं मी एकाच पानावर उतरवून घेतली. चार हजारावा नमुना हातात धरून बसलेल्याने नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

भाषण संपलं की खरी परीक्षा. मोठा माणूस मंचावरून उतरतो आणि दोन पावलांत त्याच्याभोवती कोंडाळं जमतं. आतल्या रांगेतले हसतात, मागून बाहेरच्या रांगेतले हसतात. विनोद काय झाला हे बाहेर कुणाला कळलेलं नसतं, पण हसायचं राहून गेलं तर संधी हुकली असं वाटतं. अभिमन्यूला निदान आत शिरता येत होतं. मी टाचा उंचावून उभा असतो आणि आत एक गृहस्थ 'माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे' म्हणून स्वतःच्या स्टार्टअपची जन्मकथा सांगत असतात. मोठा माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणतो. दुसऱ्यांदा 'इंटरेस्टिंग' म्हणताना त्याची नजर सहायकाला शोधू लागते. तिसऱ्या वेळेला सहायक हजर: "सर, पुढची मीटिंग."

होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी कॉम्प्युटरवेड्यांच्या मंडळाची मला म्हणूनच असूया वाटते. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजात त्यांची पहिली बैठक झाली. पुढे ली फेल्सेन्स्टाइन बैठका चालवत, त्यांचे दोन भाग असत: आधी ज्याने त्याने उभं राहून आपल्याकडे काय आहे आणि काय हवंय ते सांगायचं, मग ज्याचं ज्याच्याशी जुळेल त्याने त्याला गाठायचं. पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझनियॅकने आपल्या ॲपल-१ या कॉम्प्युटरचे आराखडे तिथे फुकट वाटले. ना सहायक, ना पुढची मीटिंग. कुणी अजून मोठंच झालेलं नव्हतं, ही केवढी सोय!

आमच्याकडे मोठा माणूस एकटा सापडतो तो फक्त चार्जिंग पॉइंटपाशी. त्या दिवशीचे मुख्य वक्ते मला तिथेच सापडले. फोन तीन टक्क्यांवर आणि केबल इतकी तोकडी की गुडघ्यांवर बसल्याशिवाय मेसेज वाचता येईना. सगळी जुनी सिस्टीम एका रात्रीत नव्यावर नेली, ही त्यांची गोष्ट सकाळी टाळ्या घेऊन गेली होती. मीही शेजारी उकिडवा बसलो. प्रेरणा वगैरे न विचारता विचारलं, "सर, दोन्हीकडचे आकडे जुळले कसे?"

त्यांचा चेहरा उजळला. इतका वेळ कुणी कामाचं विचारलंच नसावं. "कुठले जुळतायत! काही महिने दोन्हीकडे एकदम नोंदी करत होतो. रोज सकाळी फरक. जुनी सिस्टीम पैसे महिनाअखेरीला पूर्णांकात आणायची, नवी दर व्यवहाराला. हे सापडेपर्यंत आम्ही एकमेकांच्या टीमला शिव्या देत होतो."

"मग जुनी बंद कधी केलीत?"

"बंद?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "चालू आहे की. ती बंद कशी करायची हे ज्याला ठाऊक होतं, तो नोकरी सोडून गेला."

"पण सकाळी तर म्हणालात, एका रात्रीत..."

"अहो," ते केबल सोडवत म्हणाले, "सकाळी मला वीसच मिनिटं दिली होती."