गणवेशातल्या पोराला १८ चा गेम विकताना हात कसा धजावला?

सहावीतला मुलगा. वय अकरा. अंगात शाळेचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर दप्तर. शाळा सुटल्यावर मित्राबरोबर सायकलवर गेम्सच्या दुकानात गेला, मामाने दिवाळीला दिलेले पैसे काउंटरवर ठेवले आणि दुकानदाराने त्याला जीटीए फाइव्ह ह्या मारधाडीच्या व्हिडिओ गेमची सेकंड हॅण्ड डिस्क काढून दिली. वय विचारलं नाही, घरी माहीत आहे का विचारलं नाही. पिशवी हवी का, एवढं मात्र विचारलं. हे मला मुलानेच नंतर सांगितलं, आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

मला कळलं तिसऱ्या दिवशी. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. बाहेरून एका पुरुषाच्या किंकाळ्या ऐकू आल्या. आधी वाटलं, शेजारच्यांचा टीव्ही मोठा झालाय. थांबेचनात, म्हणून बाहेर आले. पडद्यावर एक माणूस खुर्चीला बांधलेला. शेजारी टेबलावर पाना, पक्कड, करंट द्यायच्या तारा मांडलेल्या, आणि त्यातलं काय वापरायचं ते खेळणाऱ्याने निवडायचं. माझ्या मुलाने पक्कड निवडली होती. चित्र रंगवताना जशी जिभेचं टोक बाहेर काढून बसतो, तसाच बसला होता आणि रिमोटची काडी अंगठ्याने ओढत होता. तो काडी ओढेल तसा पडद्यावरच्या माणसाचा दात उपटला जात होता. मी ओरडले, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांब ना आई, हे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग तो डबा हातात घेतला. खालच्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात ठसठशीत १८.

तीन दिवस माझं लक्ष गेलं नाही, ही माझी चूक. ती मी मान्य करते आणि त्यावर कुणी मला भाषण देऊ नये, कारण ते भाषण मी स्वतःला रोज रात्री देते आहे. पण त्या डब्याला माझ्या घरापर्यंत पोचायला एक दुकान पार करावं लागलं. त्या दुकानात एक चाळिशीचा माणूस उभा होता, त्याला तो १८ आकडा वाचता येत होता आणि समोरचा मुलगा किती वर्षांचा आहे हे दिसत होतं. त्याची काहीच जबाबदारी नाही?

मी त्याच संध्याकाळी डबा घेऊन गेले. म्हटलं, हे तुम्ही माझ्या मुलाला विकलंत? तो म्हणाला, "हो मॅडम, चांगला चालतो हा गेम, सगळीच मुलं नेतात." म्हटलं, ह्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही का तुम्हाला? त्याने डब्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "ते फॉरेनवाल्यांसाठी असतं, आपल्याकडे नाही लागत ते." आणि मी आवाज चढवल्यावर ते ठरलेलं वाक्य आलंच, "मॅडम, पोरांवर लक्ष तुम्ही ठेवायचं. आम्ही थोडीच प्रत्येकाचं वय विचारत बसणार?"

का नाही विचारत बसणार? त्याच्या दुकानासमोरच पानटपरी आहे. तिथे पाटी लावलेली आहे की १८ वर्षांखालच्यांना तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा गुन्हा आहे. २००३ च्या कायद्याने लावावी लागते ती. टपरीवाला ती किती पाळतो हा वेगळा विषय, पण निदान त्याला माहीत आहे की पोराच्या हातात सिगारेट दिली तर आपण अडकू शकतो. दारूला महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. आणि सिनेमा? मागच्या वर्षी आम्ही न बघता 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाची तिकिटं काढली, तर मुलाला दारावरच अडवलं. आई-बाप दोघं बरोबर असूनही नाही म्हणजे नाही. तेव्हा राग आला होता, आज वाटतं त्या दारावरच्या मुलाने त्याचं काम चोख केलं. मग दोन तास नुसता बघायचा सिनेमा आई-बापांबरोबरसुद्धा बघता येत नाही, आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या हाताने खेळायचा १८ चा गेम गणवेशात जाऊन एकट्याने विकत घेता येतो. हा कुठला न्याय आहे?

मी चौकीत पण गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, कलम कुठलं लावू?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की त्यांचाही दोष नाही. भारतात सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, गेमला वयाचं प्रमाणपत्र देणारं कुठलंही सरकारी मंडळ नाही. तो लाल चौकोन छापतं युरोपातलं पेगी, म्हणजे तिकडचं गेमना वयाचा आकडा देणारं मंडळ. २००३ पासून ही पद्धत तिकडे आहे, आणि तोच डबा जसाच्या तसा आपल्याकडे येतो. म्हणजे दुकानदार 'फॉरेनवाल्यांसाठी' म्हणाला ते कायद्याने खरं आहे! ह्याचाच तर संताप होतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून तो आकडा म्हणजे कायदा आहे. तिथल्या दुकानदाराने हाच डबा अकरा वर्षांच्या मुलाला विकला तर दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीत त्यांचे स्वतःचे वयाचे शिक्के आहेत, तेही कायद्याने बांधलेले. तोच लाल चौकोन विमानातून इकडे उतरला की नुसतं चित्र होतो. तिथल्या पोरांचं मन मन आणि आमच्या पोरांचं काय?

आपल्याकडे एक कलम आहे. भारतीय न्याय संहितेचं २९५, मुलांना अश्लील वस्तू विकण्याबद्दलचं. पण ते अश्लीलतेचं. माणसाचा दात पकडीने उपटणं हे अश्लीलतेत बसत नाही. नागडं चित्र विकलं तर गुन्हा, छळ विकला तर धंदा.

आणि हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये कायदा केला होता. अतिहिंसक गेम १८ वर्षांखालच्यांना विकला तर हजार डॉलरपर्यंत दंड. सही केली होती गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी. बंदी नव्हती ती, आई-बापांना वाटलं तर त्यांनी खुशाल विकत घेऊन द्यावा, फक्त पोराला परस्पर विकायचा नाही. एवढी साधी गोष्ट. गेम कंपन्या आणि विक्रेते कोर्टात गेले, तो कायदा एक दिवससुद्धा लागू झाला नाही, आणि २७ जून २०११ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलं की गेम म्हणजे पुस्तकांसारखीच अभिव्यक्ती आहे, आणि परीकथांमध्ये काय कमी हिंसा असते? विरोधात मत देणारे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी मात्र नेमकं माझ्या मनातलं विचारलं. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न बाईचा फोटो असलेलं मासिक विकायला बंदी, पण ज्या गेममध्ये तो त्या बाईला बांधून, छळ करून मारतो तो विकायला मोकळीक, ह्यात अर्थ काय आहे? ते वाचताना मला खरंच रडू आलं. इतक्या लांब बसलेल्या एका म्हाताऱ्या न्यायमूर्तींना जे दिसलं, ते आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला दिसत नाही.

परीकथांचा मुद्दा इथेही ऐकून घेतला मी. नातेवाइकांच्या ग्रुपवर हे सगळं लिहिलं, तर एका काकांचं लगेच उत्तर आलं, "महाभारतात काय कमी रक्त आहे? नृसिंहाने पोट फाडलंच ना?" अहो काका, माझ्या आजीने मला हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगितली तेव्हा तिने माझ्या हातात नखं नव्हती दिली! गोष्ट सांगणारं माणूस समोर असतं. पोर घाबरलं तर ते थांबतं, जवळ घेतं, प्रल्हादाचं पुढे काय झालं ते सांगतं. इथे माझा मुलगा एकटा बसला होता, आणि काडी ओढल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नव्हती. हा फरक ज्याला कळत नाही त्याने कृपा करून मला महाभारत शिकवू नये.

गेम खेळून मुलगा उद्या खुनी होईल असं मी म्हणत नाहीये. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही हे मला माहीत आहे आणि मला ते म्हणायचंही नाही. पण माझा मुलगा त्यानंतर चार रात्री माझ्याजवळ झोपला. दुसऱ्या रात्री अंधारात मला विचारतो, "आई, तो माणूस तर सगळं सांगायला तयार होता. मग मला त्याचा दात का काढायला लावला?" त्या गेममध्ये ते खरंच तसंच आहे. तो बांधलेला माणूस पहिल्यापासून सांगतो की विचारा, सांगतो. तरी त्याचा छळ होतो. मोठ्या माणसाला कदाचित कळेल की लिहिणाऱ्याला छळाच्या निरर्थकपणाबद्दल काही म्हणायचंय. म्हणूनच तर १८ लिहिलंय त्यावर! अकरा वर्षांच्या पोराला एवढंच कळलं की त्याच्या हातून काहीतरी वाईट झालं. हे ओझं त्याच्यावर घालायचा हक्क त्या दुकानदाराला कुणी दिला?

आणि सरकारला काही करता येत नाही, असं मला सांगू नका. मनात आलं की एका दिवसात होतं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला, देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायदा आला. पैशांच्या व्यसनाने घरं बुडत होती, आणायलाच हवा होता. २०१९ मध्ये राजकोटला तर पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांनाच पकडलं होतं. खेळणाऱ्या पोराला पकडायची तयारी आहे, विकणाऱ्याला साधं विचारायची नाही? त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत पबजीविरुद्ध जनहित याचिका केली होती. अकरा वर्षांचं पोर कोर्टाची पायरी चढतं आणि आपण मोठी माणसं हातावर हात ठेवून बसतो.

मला बंदी नको आहे. पुन्हा सांगते, नको आहे. माझा भाचा पंचविशीचा आहे, तो हाच गेम वर्षानुवर्षं खेळतो, त्याने खुशाल खेळावा. मला फक्त एवढं हवंय की ज्या डब्यावर १८ आहे तो विकताना दुकानदाराने वय विचारलं पाहिजे, आणि लहान मुलाला दिला तर त्याला दंड झाला पाहिजे.

"आता सगळं डाऊनलोडच होतं, दुकानं धरून काय उपयोग?" हेही ऐकलं. डाऊनलोडला जन्मतारीख विचारतात, पोरं १९९० टाकतात आणि पुढे जातात, हे मला ठाऊक आहे. त्याचीही चीड आहेच. पण एक दार उघडं आहे म्हणून दुसरंही सताड उघडं ठेवायचं? अमेरिकेत कायदा पडला तरी दुकानदार सुधारले. तिथलं व्यापार आयोग लहान मुलांना मुद्दाम गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवत असे. २००० मध्ये अशा शंभरातल्या ८५ मुलांना मोठ्यांचे गेम बिनबोभाट मिळाले होते, २०१० मध्ये फक्त १३ जणांना. कुणीतरी तपासतंय एवढं कळलं, तरी माणसं वय विचारायला लागतात. इथे कोण तपासतंय?

दुकानदाराने जाताना मला वर सांगितलं की डिस्क परत घ्यायची नाही, पण एक्सचेंजमध्ये सहाशे रुपये कापून दुसरी देईन. मी नाही दिली. ती माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली आहे. परत दिली असती तर त्याने ती पुसून पुन्हा काचेत लावली असती, खालच्या कप्प्यात, जिथे सहावीतल्या पोरांची नजर जाते. परवा बाजारात जाताना बघितलं. त्या जागी दुसरी लागलेली आहे.