मोरपंखीची जोडी

काल ऑफिसातून आलो तर गेटपाशी माझ्या मोरपंखीसमोर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या, सोबत त्यांची कुठलीशी पाहुणी. मोरपंखी म्हणायचं आपलं, सध्या खराटाच झालाय तिचा. मला बघून काकू पाहुणीला म्हणाल्या, "हाच तो."

हाच तो म्हणजे? मी काय फरार होतो?

"एकटीच लावलीस ना रे?"

"काय?"

"मोरपंखी. जोडीने लावतात. एकटी असली की झुरते."

पाहुणीने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात (म्हणजे वॉचमनलाही ऐकू गेलं) विचारलं, "यांचं अजून व्हायचंय का?"

मी ४१ वर्षांचा आहे, मेंटेनन्स वेळेवर भरतो, तरी गेटपासून लिफ्टपर्यंत हा प्रश्न चुकत नाही. पण काल झाडावरून विषय निघाला होता म्हणून म्हटलं शास्त्रीय उत्तर देऊ. म्हटलं काकू, हिच्या एकाच झाडावर नर शंकू पण येतात आणि मादी शंकू पण, ती निळसर, शिंगं फुटल्यासारखी बोंडं दिसतात ना, ती मादी. हिला जोडी लागतच नाही.

"शी! देवाधर्माच्या झाडाबद्दल काय बोलतोस!"

पाहुणी म्हणाली, "म्हणूनच राहिलं असेल."

शाळेत हिलाच आम्ही विद्या म्हणायचो. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये थुजा म्हटलं, नंतर कोणीतरी प्लॅटिक्लॅडस केलं, आमच्यासाठी विद्याच. पुस्तकात पान ठेवलं की अभ्यास आपोआप होतो म्हणे. मी गणितात अर्धी फांदी ठेवलेली, ३५ मार्क पडले. तेव्हापासून आमचं तसं जुनं देणंघेणं आहे, म्हणून तर नर्सरीतून आणली. गॅलरीत ऊन येईना म्हणून खाली गेटपाशी ठेवली, तीच चूक. बीजिंगमधे देवळांच्या आवारात ही झाडं शेकडो वर्षं उभी आहेत. आमच्या पार्किंगमधे चार महिने नाही टिकली.

आणि मी काही हयगय केलेली नाही हो. बोट खुपसून बघायचो, वरची दोन इंच माती कोरडी झाली तरच पाणी. आतली जुनी पानं तपकिरी होऊन गळतात ते चालतं, पण हिचे शेंडेच करपायला लागले, आणि एकदा करपलेला शेंडा परत हिरवा होत नाही. डोकं खाजवून दमलो, मातीला कुबट वास का येतोय तेही कळेना.

"तू तर पाणीच घालत नाहीस," काकू म्हणाल्या, "मीच घालते रोज बिचारीला. तुळशीला घालून उरलेलं, तांब्याभर. फरशी खराब होते म्हणून ताटली पण ठेवली खाली."

ताटली! मी कुंडी उचलून बघितली. खाली डबकं, त्यात डासांचं पाळणाघर.

"काकू, मुळं कुजली तिची."

"पाण्याने कधी झाड मरतं का? पावसात काय सगळी झाडं मरतात?"

यावर काय बोलणार. पावसाला ताटली नसते, हे मला रात्री साडेअकराला सुचलं, तेव्हा उपयोग काय. चीड याची येते की मारलं त्यांनी आणि सोसायटीभर बोभाटा माझ्या लग्नाचा.

आज सकाळी खाली उतरलो तर खराट्याशेजारी नर्सरीच्या काळ्या पिशवीत दुसरी मोरपंखी. कोवळी, हिरवीगार. खाली ताटली, आणि ताटलीत पाणी.