बाहुलीची कंबर हा इतिहासाचा पुरावा नव्हे

माझ्या चौदा वर्षांच्या भाचीला शाळेच्या स्नेहसंमेलनात 1860 च्या सुमारास इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका बाईचे काम करायचे आहे. पोशाखाचा नमुना म्हणून तिने आधी तो आपल्या बाहुलीसाठी शिवला, आणि तो फार नीटस उतरला आहे. परवा तिच्या अंगावरचा पोशाख बेतून पाहायला गेलो, तेव्हा तिने पोटाभोवती ओढणी आवळून बांधली होती आणि दुपारी जेवणही टाळले होते. कारण विचारल्यावर तिने कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला संदेश दाखवला. व्हिक्टोरियन काळातील, म्हणजे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील, बायकांची कंबर सोळा इंच असे, त्यासाठी त्या शस्त्रक्रिया करून खालच्या बरगड्या काढून घेत, त्या काळातल्या बाहुल्यांची बारीक कंबर हाच त्याचा पुरावा आहे, आणि त्यांचे कपडे फिकट तपकिरी रंगाचे असत, असे त्यात एका जुन्या फ्रेंच बाहुलीच्या छायाचित्राखाली लिहिले होते. हा मजकूर मुलींपर्यंत पोहोचतो आणि त्या त्यावर विश्वास ठेवून उपाशी राहतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बरगड्यांची गोष्ट सर्वांत घातक आहे आणि ती निखालस खोटी आहे. भूल देण्यासाठी ईथरचा जाहीर वापर 1846 मध्ये झाला, क्लोरोफॉर्म 1847 मध्ये आले आणि जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये यासाठीची ब्रिटिश शल्यचिकित्सक लिस्टर यांची पद्धत 1867 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या काळात साध्या शस्त्रक्रियेनंतरही जखम चिघळून माणसे दगावत होती, त्या काळात केवळ कपडा शोभावा म्हणून बायका बरगड्या कापून घेत होत्या, हे मानायचे कशाच्या आधारावर? कॉर्सेटचा, म्हणजे कंबर आवळणाऱ्या नाड्यांच्या ताठ अंतर्वस्त्राचा, इतिहास लिहिणाऱ्या व्हॅलेरी स्टील यांनी या विषयावर 2001 मध्ये सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले आणि अशा शस्त्रक्रियेचा पुरावा त्यांना सापडला नाही.

सोळा इंचांचा दावाही याच पुस्तकाच्या आधारे निकालात निघतो. इंग्लंडमधील लेस्टरशर येथे सिमिंग्टन या कॉर्सेट कारखान्याचा संग्रह जतन केलेला आहे, आणि त्यातील 197 कॉर्सेटच्या मापांचा हवाला स्टील देतात. त्यांपैकी 18 इंचांचे कॉर्सेट फक्त एक होते, 19 इंचांची अकरा होती आणि बहुतेक 20 ते 26 इंचांच्या दरम्यान होती. शिवाय हे माप कॉर्सेट पूर्ण मिटल्यावरचे असते. प्रत्यक्ष वापरताना पाठीवरच्या नाड्यांमध्ये बहुधा इंच-दोन इंचांची फट सोडली जाई, म्हणजे अंगाचे माप त्याहून मोठेच असणार. बाकीचे काम पोशाखाची बेतणी करत असे. 1856 मध्ये पेटंट मिळालेल्या क्रिनोलिनवर, म्हणजे घागऱ्याखाली घालायच्या पोलादी कड्यांच्या सांगाड्यावर, घागरा प्रचंड पसरत असे, खांद्याची शिवण दंडावर उतरवलेली असे, आणि या दोन रुंद भागांच्या मध्ये कुणाचीही कंबर बारीकच दिसेल.

आता बाहुलीकडे येऊ, कारण शिवणकाम करणाऱ्याला यातली चूक चटकन कळायला हवी. छायाचित्रातली बाहुली पॅरिसमध्ये ज्युमो, ह्युरे यांसारखे कारखानदार बनवत त्या धाटणीची आहे. अशा बाहुल्यांचे अंग बहुधा मऊ कातड्याचे असे, आत भुसा ठासलेला असे, आणि कंबर मुळातच बारीक शिवलेली असे. बाहुली लहान करता येते, परंतु कापड त्या प्रमाणात पातळ होत नाही. भाचीच्या बाहुलीचे माप माणसाच्या एक षष्ठांश आहे. तिच्या कमरेवर चोळी, अस्तर, घागऱ्याच्या चुण्या आणि आतला परकर असे निदान चार थर येतात, आणि कापड अर्धा मिलिमीटर जाडीचे धरले तरी सर्व बाजूंनी 2 मिलिमीटरची भर पडते. त्यामुळे घेर साधारण साडेबारा मिलिमीटरने वाढतो, आणि माणसाच्या मापात सहापट केल्यास हीच वाढ जवळजवळ 3 इंच होते. म्हणून बाहुलीची कंबर आधीच बारीक ठेवावी लागते, नाहीतर कपडे घातल्यावर ती पिंपासारखी दिसते. आपल्याकडे ज्यांनी बाहुलीला नऊवारी नेसवली आहे, त्यांना हा अनुभव नक्की असेल: नऊ वारांचा एक षष्ठांश म्हणून दीड वार कापड घेतले, तरी निऱ्या पोटावर फुगतात आणि कासोटा बसता बसत नाही.

एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. कॉर्सेट घट्ट आवळणाऱ्या काही स्त्रिया खरोखर होत्या, त्याविरुद्ध डॉक्टर तक्रार करत होते, आणि लहान वयापासून कॉर्सेट घालणाऱ्यांच्या बरगड्यांचा आकार बदलत असे. परंतु आवळल्यामुळे आकार बदललेली बरगडी आणि कापून काढलेली बरगडी या दोन गोष्टी एक नव्हेत.

रंगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. फिकट तपकिरी रंग जुन्या छायाचित्रांचा आहे, कपड्यांचा नव्हे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी 1856 मध्ये कृत्रिम जांभळा रंग शोधल्यावर भडक जांभळ्या आणि किरमिजी पोशाखांची लाटच आली होती. ‘अस्सल व्हिक्टोरियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाहुलीच्या कपड्यांना पाठीवर चेन लावलेली असते, तीही चूकच आहे, कारण बायकांच्या पोशाखात चेन रुळली ती 1930 च्या दशकात. तिथे आकडे, बटणे किंवा नाड्या हव्यात.

भाचीची ओढणी मी सोडायला लावली आणि टेपने तिची कंबर मोजली, ती 25 इंच भरली. पोशाख आता 26 इंचांवर बेतला आहे, परकराला तीन कडक झालरी लावल्या आहेत आणि खांद्याची शिवण दोन इंच खाली घेतली आहे. त्याचा रंग जांभळा आहे, आणि तो घालून तिने काल पोटभर जेवून तालीम केली.